जाळ्यातलं नायलॉन आणि स्वतःहून जुळणारं जेल

वाणगावहून लोकल पकडली असेल तर दरवाजात उभे राहू नका, आत या. बोईसरच्या शिफ्टसाठी कंपनीच्या बसमध्ये बसला असाल तर आवाज थोडा वाढवा. आणि चिंचणीच्या किनाऱ्यावर चालत चालत ऐकत असाल, तर मग काय, तुमच्यासारखं सुखी कुणी नाही.

आजचा भाग केमिस्ट्रीवर आहे. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! परीक्षेची केमिस्ट्री नाही ही.

आपल्याकडे ‘केमिकल’ हा शब्द लोक कसा वापरतात, ते आठवून बघा. वारा फिरला की आपण म्हणतो, ‘आज केमिकलचा वास येतोय.’ एखाद्याची चौकशी केली की उत्तर येतं, ‘तो केमिकलमध्ये आहे’, म्हणजे तारापूर एमआयडीसीत कामाला आहे. आणि बाजारात टोमॅटो जरा जास्तच लाल दिसला की, ‘केमिकल मारलंय वाटतं.’ तिन्ही वेळा केमिकल म्हणजे काहीतरी परकं, संशयाचं, ज्याच्या आत डोकावायचं नसतं असं. देशातल्या मोठ्या रासायनिक वसाहतींपैकी एक आपल्या दाराशी आहे, आपल्यातले कितीतरी जण तिच्यावर पोट भरतात, पण रेणू म्हणून त्या पदार्थांची आपली ओळखच नाही.

म्हणून आज मी तुम्हाला एकाच रेणूची ओळख करून देणार आहे. हा रेणू तुमच्या घरात असण्याची शक्यता खूप आहे. काकांच्या मासेमारीच्या जाळ्यात त्याची साखळी असू शकते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काही शास्त्रज्ञांनी हाच रेणू वेगळ्या पद्धतीने जोडला, आणि त्यातून एक असा पदार्थ आला जो ब्लेडने कापला तरी काही सेकंदांत पुन्हा जुळतो. फेव्हिकॉल नाही, उष्णता नाही, दाब नाही. तुकडे जवळ आणायचे, आपोआप जुळतात.

तुकडा तोच आहे, फक्त जोडण्याची पद्धत बदलली. एवढ्याने इतका फरक कसा पडला, हा आजचा प्रश्न.

आधी साखळी समजून घेऊ

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘बहुवारिक’ असा शब्द होता, आठवतो? त्यालाच इंग्रजीत आणि आता आपल्या बोलण्यातही पॉलिमर म्हणतात. बहु म्हणजे पुष्कळ. एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा जोडत गेलात की होतो तो पॉलिमर. अबोलीचा गजरा बघा. एक फूल, मग तसंच दुसरं फूल, मग तिसरं. फूल छोटं, गजरा लांब. पॉलिमरच्या साखळीत अशी हजारो ‘फुलं’ असतात.

डहाणूत फुगे बनवायचे कारखाने आहेत, तुम्हाला माहीत आहेतच. साचा रबराच्या चिकात बुडवायचा, वर काढायचा, सुकवायचा. तो चीक म्हणजे झाडानेच बनवलेला पॉलिमर. अंगातला टेरिकॉटचा शर्ट, पाण्याची बाटली, बाळाच्या डायपरमधले ते पांढरे दाणे, हे सगळे पॉलिमर. तुमच्या केसातलं आणि नखातलं केराटिन, तेही पॉलिमरच.

गंमत म्हणजे, असे लांबच लांब रेणू असतात यावर शंभर वर्षांपूर्वी बऱ्याच शास्त्रज्ञांचा विश्वासच नव्हता. त्यांना वाटायचं की छोटे छोटे रेणू कसेतरी एकमेकांना चिकटून गोळा झालाय, बाकी काही नाही. १९२० मध्ये हेरमान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सांगितलं की नाही, ही खरीखुरी, पक्क्या बंधांनी जोडलेली साखळी आहे. मोठमोठ्या लोकांनी त्याला विरोध केला. तो मागे हटला नाही. १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आता आपला रेणू. त्याचं नाव जरा लांब आहे, ६-अमिनोकॅप्रोइक आम्ल. नाव विसरलात तरी चालेल, चित्र लक्षात ठेवा. सहा कार्बनची एक छोटी काडी. काडीच्या एका टोकाला अमिनो गट, म्हणजे नायट्रोजनवाला हात. दुसऱ्या टोकाला आम्लाचा हात. एका काडीचा अमिनो हात दुसरीचा आम्लाचा हात पकडू शकतो. लहानपणी आपण झुकझुक गाडी खेळायचो ना, पुढच्याचा शर्ट मागच्याने पकडायचा? तसंच. काडीमागे काडी, काडीमागे काडी, अशी लांबच लांब गाडी झाली की त्या गाडीचं नाव नायलॉन-६. नावातला सहा म्हणजे ते सहा कार्बन.

पहिलं नायलॉन अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्सने १९३५ मध्ये बनवलं, ते दोन वेगवेगळ्या तुकड्यांचं होतं. एकाच तुकड्याचं नायलॉन-६ जर्मनीत पाउल श्लाकने १९३८ मध्ये बनवलं. कारखान्यात सुरुवात सहसा कॅप्रोलॅक्टमपासून करतात. कॅप्रोलॅक्टम म्हणजे आपलीच काडी, फक्त स्वतःची शेपटी तोंडात धरून गोल झालेली. ती गोल उघडायची आणि साखळी करायची. आपल्याकडच्या मासेमारीच्या जाळ्यांत हे नायलॉन-६ मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं.

वरोर, डहाणू, नवापूर, आपली चिंचणी, या पट्ट्यातल्या घरात आजोबा असतील तर त्यांना विचारा, नायलॉन यायच्या आधी जाळी कशाची होती. सुताची, सणाची. ती कुजायची. म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायची, प्रत्येक खेपेनंतर उन्हात वाळवायची. नायलॉनने हा त्रास संपवला. हलकं, मजबूत, न कुजणारं. कोळ्याच्या पाठीवरचं ओझं खरोखर कमी झालं, हे मान्य करायला हवं.

पण ‘न कुजणारं’ या शब्दातच दुसरी गोष्ट लपलेली आहे. सुताचं जाळं समुद्रात हरवलं तर काही महिन्यांत कुजून जायचं. नायलॉनचं जाळं हरवलं तर ते तळाशी जाऊन पडतं आणि वर्षानुवर्षं मासे पकडत राहतं, कुणासाठीही नाही. मासा अडकतो, मरतो, त्याला खायला खेकडा येतो, तोही अडकतो. जाळं फाटतं, झिजतं, बारीक बारीक तुकडे होतात, पण साखळी सुटत नाही. तिला सुटायचं कसं हे शिकवलेलंच नाही.

वेल्डिंग आणि वेल्क्रो

आता जरा बंधांकडे येऊ, कारण सगळी गंमत इथेच आहे.

रेणूंच्या जगात जोडण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक म्हणजे वेल्डिंग. दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात आणि घट्ट जोडले जातात. याला सहसंयुज बंध म्हणतात. साखळीतली काडी पुढच्या काडीला जोडलेली असते ती अशी. तोडायला बरीच ऊर्जा लागते आणि एकदा तुटला की आपोआप परत जुळत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे वेल्क्रो. सॅंडलचा किंवा बॅगेचा तो चर्रकन उघडणारा पट्टा. एका रेणूतला हायड्रोजन दुसऱ्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. याला हायड्रोजन बंध म्हणतात. वेल्डिंगच्या मानाने साधारण दहा ते वीस पट दुबळा. एकटा असेल तर क्षणात तुटतो. पण वेल्क्रोच्या पट्ट्यावर हुक एक नसतो, शेकडो असतात. तसे हे बंधही हजारोंनी आले की भक्कम होतात. आणि वेल्क्रोचा खरा गुण तुम्हाला माहीत आहे. उघडता येतो, परत लावता येतो, परत उघडता येतो.

तिसरी एक गोष्ट बंध नाही, पण बंधासारखी वागते. घरी माशाच्या कालवणावर तेलाचा तवंग बघा. तेलाचे छोटे थेंब हळूहळू सरकत एकत्र येतात, मोठा थेंब होतो. तेलाला तेलाची ओढ आहे असं आपल्याला वाटतं, पण मुख्य काम पाणी करतं. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात आणि तेलाला बाजूला सारतात. जे पाण्याला नको असतं ते एका कोपऱ्यात जमतं.

साबण याच तत्त्वावर चालतो. साबणाच्या रेणूचं डोकं पाणी आवडणारं आणि शेपटी पाणी टाळणारी. पाण्यात टाकलात की हे रेणू स्वतःच गोल करून बसतात, डोकी बाहेर, शेपट्या आत. त्या गोळ्याला मिसेल म्हणतात. कपड्यावरचं तेल त्या गोळ्याच्या पोटात जातं आणि पाण्याबरोबर निघून जातं. त्यांना रांगेत कुणी बसवलं? मुकादम नाही, साचा नाही, मशीन नाही. रेणूचा आकार आणि स्वभाव असा की दुसऱ्या कुठल्या मांडणीत त्यांना स्वस्थ बसताच येत नाही. याला म्हणतात सेल्फ-असेंब्ली, आपण स्वयंरचना म्हणू.

चिंचणीच्या पोरांना हा फरक पटकन कळेल, कारण आपल्याकडे घरोघरी डायमेकिंग चालतं. दागिन्याचा साचा कोरायचा, त्यात धातू दाबायचा, नक्षी उमटते. तिथे आकार बाहेरून येतो, कारागिराच्या हातातून, आणि जोर लावून येतो. स्वयंरचनेत आकार आतून येतो. तिथल्या कारागिराचं काम वेगळं असतं. तो रेणूचा स्वभाव ठरवतो आणि मग हात मागे घेतो. पण त्यासाठी स्वभाव आधी नेमका ओळखावा लागतो, आणि त्यातच कित्येक वर्षं जातात.

माशेलहून पुण्यापर्यंत

आता माणसांकडे येऊ. डॉ. रघुनाथ माशेलकर हे नाव तुम्ही ऐकलंय. बहुतेकांना ते हळदीच्या पेटंटमुळे माहीत असतात. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ती लढाई सीएसआयआरने लढली आणि तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक माशेलकर होते. पण मुळात हा माणूस पॉलिमरचा. ते कमी जणांना माहीत आहे.

जन्म १ जानेवारी १९४३, गोव्यातलं माशेल गाव. वडील लवकर गेले. आई मुलाला घेऊन मुंबईत गिरगावात आली आणि मिळेल ते काम करून तिने घर चालवलं. नगरपालिकेची शाळा, पायात चप्पल नाही. पुढे युनियन हायस्कूल. तिथल्या भावे सरांची एक गोष्ट माशेलकर स्वतः अनेकदा सांगतात. सरांनी मुलांना उन्हात नेलं, बहिर्गोल भिंगाने ऊन एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवला आणि सांगितलं की शक्ती अशी एका जागी आणली तर काहीही जाळता येतं. मॅट्रिकनंतर शिक्षण सुटायच्या बेतात होतं, ते सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या महिना साठ रुपयांच्या शिष्यवृत्तीमुळे सुरू राहिलं. मग माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आताची आयसीटी. १९६६ मध्ये केमिकल इंजिनीअरिंगची पदवी, १९६९ मध्ये पीएचडी. त्यानंतर काही वर्षं इंग्लंड, आणि १९७६ मध्ये परत, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये. पाषाण रस्त्यावरची ही प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झालेली.

एनसीएलमध्ये त्यांच्या गटाने ज्या गोष्टींवर काम केलं त्यातली एक म्हणजे जेल. जेल म्हणजे काय, ते घरी बघता येईल. लहान बाळाचा एक नवा, कोरा डायपर घ्या, फाडा, आतले पांढरे दाणे एका वाटीत काढा आणि पाणी घाला. बघता बघता दाणे फुगतात, वाटी भरते, उलटी केली तरी पाणी सांडत नाही. साखळ्या मध्येमध्ये एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून त्या विरघळून जाऊ शकत नाहीत, फक्त फुगतात. पाणी आत अडकून बसतं. आता त्याच वाटीत दोन चमचे मीठ टाका आणि ढवळा. जेल गळायला लागतं, पाणी सुटतं.

का? त्या साखळ्यांवर ऋण भार असतो. सारख्या भारांचे गट एकमेकांना ढकलतात, साखळी ताठ पसरते, पाणी आत शिरतं. मीठ टाकलं की पाण्यात सोडियमचे धन आयन इतके होतात की ते ढकलणं झाकून टाकतात. आतलं-बाहेरचं अंतर मिटतं आणि जेल आक्रसतं. बाहेरचं वातावरण बदललं की पदार्थाने आपलं वागणं बदललं. ही नुसती फुगणारी वस्तू राहिली नाही, ती आता उत्तर देणारी वस्तू झाली. माशेलकरांच्या गटाला जेलमधलं हे उत्तर देणंच हवं होतं.

काडी आडवी न ठेवता लटकवली

आता आपली सहा कार्बनची काडी परत आणू. नायलॉनमध्ये ती साखळीचाच भाग असते, डब्याला डबा जोडल्यासारखी. एनसीएलमध्ये डॉ. शायनी वर्गीस पीएचडी करत होत्या. त्या मूळच्या केरळच्या. त्यांच्याबरोबर डॉ. आशिष लेले, जे पुढे २०२१ मध्ये एनसीएलचे संचालक झाले, आणि डॉ. माशेलकर. यांनी काय केलं, तर साखळीचा कणा दुसऱ्याच तुकड्यांचा घेतला, अॅक्रिलिकचा, आणि आपली काडी त्या कण्यावर लटकवली. झालरीसारखी. एक टोक कण्याला बांधलेलं, आम्लाचं टोक मोकळं हवेत. हवेत कसलं, पाण्यात.

त्या लटकत्या काडीचा स्वभाव बघा. मधला भाग कार्बनचा, म्हणजे तेलकट, पाणी टाळणारा. टोकाचा आम्लगट आणि कण्याजवळचा अमाइड गट पाणी आवडणारे आणि हायड्रोजन बंध करू शकणारे. म्हणजे साबणासारखं दुहेरी व्यक्तिमत्त्व.

या जेलचे तुकडे तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात ठेवल्यावर ते आपोआप आतून पोकळ आकार घेतात, हे या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलं. भरीव वस्तू टाकली आणि पोकळ वस्तू मिळाली, ना साचा, ना कोरणं. २००६ मध्ये त्यांनी पुढची पायरी मांडली. तांब्याचे आयन असतील तर या जेलचे कापलेले तुकडे परत जुळतात. तांब्याचा आयन मध्ये उभा राहून दोन्हीकडच्या झालरींचे हात धरतो.

आणि मग २०१२. वर्गीस तोपर्यंत अमेरिकेत, सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाल्या होत्या. त्यांच्या गटाने आणि सोबत लेले, माशेलकर यांनी दाखवलं की तांब्याचीही गरज नाही. नुसतं आम्ल पुरे. जेलचे दोन तुकडे घ्या, आम्लाच्या द्रावणात एकमेकांना टेकवा, काही सेकंदांत एक होतात. ताणले तरी सांध्यावर सहज सुटत नाहीत. मग तोच जोडलेला तुकडा अल्कलीच्या द्रावणात टाका, परत दोन होतात. परत आम्लात, परत एक.

कारण आता तुम्ही स्वतः सांगू शकाल. आम्लात भरपूर हायड्रोजन आयन असतात, त्यामुळे काडीच्या टोकाचा आम्लगट आपला हायड्रोजन धरून ठेवतो. हायड्रोजन आहे म्हणजे हायड्रोजन बंध करता येतो. एका तुकड्याची झालर दुसऱ्याच्या झालरीत शिरते आणि वेल्क्रो लागतो. अल्कलीत तो हायड्रोजन निघून जातो, टोकांवर ऋण भार येतो, दोन्हीकडची टोकं एकमेकांना ढकलतात. वेल्क्रो सुटतो.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग काडीच्या लांबीचा आहे. त्यांनी आखूड काड्या लावून पाहिल्या आणि लांब काड्याही. आखूड काडी पलीकडच्या तुकड्यापर्यंत पोचतच नाही. फार लांब काडी इतकी तेलकट होते की पाण्याला टाळून आपल्याच साखळ्यांत गोळा होऊन बसते, कालवणातल्या तेलासारखी, आणि तिचा हात बाहेर येत नाही. मधल्या लांबीची काडी मात्र बरोबर जमते. पोचण्याइतकी लांब आणि गोळा न होण्याइतकी आखूड. लांबी फार कमी-जास्त झाली की जादू गेली. म्हणून म्हटलं, ही जादू नव्हती. मोजमाप होतं.

मग आपल्याला काय त्याचं?

रास्त प्रश्न आहे. हे जेल उद्या बोईसरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणार नाही. ते पाण्याने भरलेलं, मऊ असतं. ते आम्लात जुळतं, साध्या पाण्यात तसं जुळत नाही. त्यामुळे ‘तुटलेलं सगळं जोडणारा पदार्थ सापडला’ असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका.

पण संशोधकांनी जे दोन उपयोग सुचवले ते ऐका. एक, पोटातल्या जखमेसाठी चिकटपट्टी, कारण जठर आम्लाने भरलेलं असतं. आणि दोन, आम्लाच्या गळक्या भांड्याला आतून बुच. प्लास्टिकच्या भांड्यावर याचा थर दिला तर भोक पडल्यावर जिथून आम्ल बाहेर यायला बघतं, तिथेच ते आम्ल जेलला जुळवतं. जे गळतंय तेच भोक बुजवतंय. आम्लाचे टॅंकर रोज ज्यांच्या घरावरून जातात, आणि गळतीची बातमी आली की ज्यांच्या घरात फोनवर फोन सुरू होतात, त्या आपल्या भागातल्या माणसाला ही कल्पना काय आहे हे वेगळं सांगायला नको.

माझ्या मते यातून घेण्यासारखी मोठी गोष्ट मात्र जेलपेक्षा वेगळी आहे. वस्तू बनवताना ती सुटणार कशी याचाही विचार करायचा. होडी खुंटाला बांधताना आपला कोळी जी गाठ मारतो ती बघा. भरती-ओहोटीचा ताण घेते, पण निघायच्या वेळी एक टोक ओढलं की मोकळी होते. न सुटणारी गाठ मारणाऱ्याला कोणी हुशार खलाशी म्हणत नाही. गेल्या शतकात आपण पॉलिमरच्या पुष्कळ गाठी मारल्या आणि सोडवायचं टोकच ठेवलं नाही. आता किनाऱ्यावर ते सगळं परत येतंय.

नायलॉन-६ च्या बाबतीत ते टोक आहे, ही चांगली बातमी. रासायनिक प्रक्रियेने त्याची साखळी उघडून परत कॅप्रोलॅक्टम मिळवता येतं, म्हणजे शेपटी धरलेली ती मूळ काडी. स्लोव्हेनियात २०११ पासून एक कारखाना जुनी जाळी आणि गालिचे घेऊन हेच करतोय, आणि त्या कॅप्रोलॅक्टमपासून पुन्हा नवा धागा निघतो. जुनं जाळं खाडीच्या कडेला जाळून टाकणं आणि त्यातली काडी परत मिळवणं, यातला फरक केमिस्ट्री कळणाऱ्या माणसालाच दिसतो. तो माणूस आपल्या किनाऱ्यावरचा का नसावा?

चिंचणीच्या कॉलेजात बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींसाठी हे मुद्दाम बोलतोय. आपल्याकडे ठरलेला रस्ता असा की डिग्री झाली की एमआयडीसीत क्यूसीला किंवा प्लॅंटवर लागायचं. वाईट अजिबात नाही, घर चालतं, अनुभव मिळतो. पण तो एकच रस्ता आहे असं समजू नका. जाम ही परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते, माटुंग्याला आयसीटी आहे, नेट दिलीत तर एनसीएलसारख्या प्रयोगशाळेत पीएचडीला फेलोशिप मिळते. चिंचणीहून पाषाण दूर आहे, पण माशेलकरांच्या गिरगावातल्या खोलीपासून यूडीसीटी जेवढी दूर होती त्याहून जास्त नसावं.

आणि जे आज प्लॅंटवर आहात, त्यांनाही सांगतो. तुम्ही ज्या रिअॅक्टरसमोर उभे असता त्यात साखळ्या जुळत असतात, बंध तुटत असतात. त्या पदार्थाचं एमएसडीएस, म्हणजे सुरक्षेची माहिती देणारा कागद, मागून वाचा. आम्ल आहे की अल्कली, पाण्याशी कसं वागतं, अंगावर उडालं तर काय करायचं. रेणूचा स्वभाव कळला की त्याची आंधळी भीतीही जाते आणि खोटा बिनधास्तपणाही. दोन्ही गोष्टींनी माणसं जखमी होतात.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. डायपरच्या दाण्यांचा प्रयोग करा. आधी साधं पाणी, मग मीठ. नळाचं पाणी आणि समुद्राचं पाणी दोन वेगळ्या वाट्यांत घेऊन कुठल्यात दाणे जास्त फुगतात ते बघा आणि कारण स्वतः सांगा. झाल्यावर ते बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबेल. कागदावर वाळवून कचऱ्यात टाका. आणि घरात जाळं असेल तर मोठ्यांना विचारा, नायलॉनच्या आधी कशाचं होतं, किती दिवस टिकायचं, फाटलं की त्याचं काय करायचे. मिळालेली उत्तरं आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. निवडक उत्तरं पुढच्या भागात ऐकवू.

पुढचा भाग रबरावर आहे. झाडाचा चीक डहाणूच्या कारखान्यात जाऊन फुगा कसा होतो, आणि त्यात गंधकाचं काय काम असतं, ते बघू. तोवर काळजी घ्या. भेटू.